जाड ऑइलने आवाज गेला, दुखणं राहिलं: १२५ सीसी गाडीचं एक प्रकरण

मोटरसायकल १२५ सीसी, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली, ५८ हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. मालक शेतीच्या औषधांचे विक्री प्रतिनिधी. राहायला कोल्हापूरच्या फुलेवाडीत आणि कामाचा पट्टा बालिंगे, कळे, साळवण, असळज करत थेट गगनबावड्यापर्यंत. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी करूळ घाट उतरून वैभववाडी. म्हणजे एका बाजूचे पंचावन्न किलोमीटर तर ठरलेलेच. उसाचा हंगाम सुरू झाला की कुडित्र्याच्या आसपास ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रखडायचं, वारा नाही आणि इंजिन तापतंय. गाडीच्या पुस्तकात ऑइल लिहिलंय १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल, जासो एमए (म्हणजे अनुक्रमे घट्टपणाचा ग्रेड, दर्जा आणि मोटरसायकलच्या क्लचसाठीचं प्रमाण). बदलताना ९०० मिली.

दिवाळीच्या आधी टॅपेटची (वाल्व दाबणाऱ्या भागांची) टकटक वाढली होती आणि गेजवर (ऑइलची पातळी बघायच्या काडीवर) ऑइल खाली जायला लागलं होतं. त्यांनी गाडी एका गॅरेजात दाखवली. तिथला सल्ला कोल्हापुरात कुठेही मिळेल असाच होता: "गाडी जुनी झाली साहेब, पातळ ऑइल तिला आता पुरत न्हाई. जाड घाला." २०डब्ल्यू-५० पडलं. आवाज खरोखर कमी झाला आणि मालक खूश झाले.

जानेवारीत गाडी आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात आली तेव्हा तक्रारी वेगळ्या होत्या. सकाळी सेल्फ जड फिरतो. पहिला गिअर टाकताना खट्ट असा दणका बसतो आणि गाडी क्लच दाबलेला असूनही पुढे ओढते. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर सगळं सुरळीत. ॲव्हरेज ५८ वरून ५३ वर आलं होतं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते ऑइल तरीही कमी होतच होतं, फक्त जरा सावकाश. मालकांचा प्रश्न एकच होता: "मेस्त्री, आता नेमका कुठला ग्रेड घालू?"

त्यांच्याकडे उत्तरं भरपूर जमली होती. मेव्हण्याकडे कारचं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक अर्धा कॅन उरलं होतं, "चांगलं भारीतलं आहे, घाल." गावाकडे चुलत्यांच्या घरी ट्रॅक्टरच्या १५डब्ल्यू-४० चा डबा कायम असतो. एका मित्राने २०डब्ल्यू-४० सुचवलं, कारण "मधलं असतं". खरा प्रश्न ग्रेडचा नव्हताच, निदान पहिला तरी नव्हता. गाडी ऑइल का खाते आणि टॅपेट का वाजतात हे कोणी उघडून बघितलेलंच नव्हतं.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा तापल्यावरचा. एसएईच्या (ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणात १०डब्ल्यूची थंड चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. कोल्हापुरात थंडी पडली म्हणजे पारा बारा-पंधरावर येतो. त्यामुळे बरेच जण म्हणतात की आपल्याकडे पहिल्या आकड्याला काही अर्थच नाही. २०डब्ल्यूनेही गाडी चालू होते हे खरं. पण चालू होणं वेगळं आणि ऑइल वेळेत वर पोचणं वेगळं. ४० अंश तापमानाला साधारण १०डब्ल्यू-३० ऑइलचा घट्टपणा सत्तर सेंटीस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं एकक) आसपास असतो, २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्या पुढे. तापमान खाली जाईल तशी ही दरी रुंदावत जाते. थंडीत काकवीची बाटली उपडी केली तर काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

दुसरा आकडा १०० अंशांना मोजतात. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. यात एक गैरसमज पक्का बसलेला आहे: ऑइल तापल्यावर घट्ट होतं आणि म्हणून आकडा वाढतो. तसं नाही. तापलं की प्रत्येक ऑइल पातळच होतं. ५० नंबरचं जरा कमी पातळ होतं इतकंच.

मोटरसायकलला आणखी एक अडचण आहे जी कारला नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. मल्टिग्रेड ऑइलमध्ये घट्टपणा टिकवायला जे पॉलिमर घातलेले असतात, ते गिअरच्या दातांमध्ये चिरडून तुटतात. त्यामुळे बाटलीवर ४० लिहिलेलं ऑइल दोन हजार किलोमीटरनंतर ४० राहिलेलं असेलच असं नाही. कारच्या अनुभवावर मोटरसायकलचं ऑइल ठरवणारे नेमके इथेच फसतात.

या गाडीसारख्या लहान इंजिनात क्रँक बॉल बेअरिंगवर फिरतो, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकालाही रोलर बेअरिंग असतं. कारच्या इंजिनासारखा मोठा ऑइल प्रेशर लागत नाही. लागतं ते ऑइल लवकर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) पोचणं, कारण वाल्व उघडणारे कॅम आणि रॉकर तिथे कोरडे घासतात. छोट्या पंपाला पंधरा अंशांतलं २०डब्ल्यू-५० वर चढवायला वेळ लागतो. क्लचच्या प्लेटाही त्या घट्ट ऑइलमध्ये एकमेकींना चिकटून राहतात. म्हणून क्लच दाबूनही गाडी ओढते आणि पहिला गिअर खट्ट पडतो. म्हणजे जानेवारीतल्या सगळ्या नव्या तक्रारी एकट्या ग्रेडच्या होत्या. जुन्या दोन मात्र नव्हत्या.

गाडी उघडण्याआधी

आधी मालकांना विचारलं, धूर कधी दिसतो? त्यांनी थोडा विचार करून सांगितलं ते फार कामाचं निघालं. सकाळी चालू केल्या केल्या निळसर फुसकारा येतो आणि मग बंद होतो. आणि करूळ घाट उतरून खाली पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दिला की मागच्या गाडीवाल्याच्या तोंडावर धूर. चढताना मात्र नाही.

पिस्टन रिंगा गेलेल्या असत्या तर चढावर, लोड आल्यावर धूर जास्त दिसला असता. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, गाडी इंजिन ब्रेकवर असते, इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि ती ओढ वाल्वच्या गाइडमधून ऑइल खाली खेचते. रात्रभर उभ्या गाडीतही तेच ऑइल थेंबाथेंबाने वाल्वच्या दांडीवरून उतरतं आणि सकाळी जळतं. संशय वाल्व सीलवर (वाल्वच्या दांडीवरून ऑइल उतरू न देणाऱ्या रबरावर) गेला.

मग कंप्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघितलं. आकडा पुस्तकातल्या किमान मर्यादेच्या वर होता. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघितलं, जेमतेम हलला. रिंगा गेलेल्या असत्या तर तो चांगलाच वर गेला असता, कारण ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. बोअर-पिस्टनचं काम काढायची गरज नव्हती. त्याआधीच्या गॅरेजात त्याचाही अंदाज दिला गेला होता, तो खर्च तिथेच वाचला.

टॅपेटचं झाकण काढून थंड इंजिनावर फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावला. पुस्तकात ०.०८ मिमी. इनटेकचा थोडा जास्त. एक्झॉस्टचा ०.१५ चा फीलर काही न अडता आरपार जात होता. जाड ऑइलने या वाढलेल्या फटीत एक जाडसर थर उभा करून टकटक दाबून टाकली होती. फट होती तिथेच होती.

आणखी एक गोष्ट सापडली, जी शोधत नव्हतो. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल. ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) काढला तर तोही आतून ओला. कारण साधं होतं: गाडीला लागतं ९०० मिली, बाटली येते एक लिटरची आणि मागच्या वेळी अख्खी ओतली गेली होती. शंभर मिली जास्त म्हणजे फार वाटत नाही, पण लहान इंजिनात ते क्रँकवर फेसाळतं आणि ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. त्यामुळे ऑइल बदलल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत गेज झपाट्याने खाली यायचं आणि मालकांना वाटायचं इंजिन ऑइल पितंय.

इथे गेज बघण्याबद्दल थोडं लिहायला हवं, कारण निम्म्या तक्रारी गेज चुकीचं बघितल्यामुळे येतात. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेत. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करायचं, मग तेवढाच वेळ थांबायचं. गेज काढून पुसायचं, आत घालायचं; या गाडीत आटे फिरवायचे नाहीत, नुसतं टेकवायचं. आटे आवळून बघितलं की ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. साइड स्टँडवर बघितलं की आणखी भलतंच. मालक साइड स्टँडवर, आटे आवळून बघत होते. काही गाड्यांत खालच्या बाजूला काच असते, तिथे ही कटकट नाही, पण गाडी सरळ उभी हवीच.

हेड खाली

वाल्व सील हातात घेतल्यावर शंकेला जागा उरली नाही. रबर कडक पडलं होतं, नखाने दाबलं तर दबत नव्हतं. एकाची कड चिरलेली. गाइडमध्ये वाल्व हलवून बघितला, खेळ चालण्याइतकाच होता. दोन्ही सील नवे, वाल्व लॅपिंग (वाल्व त्याच्या बैठकीवर घासून बसवणं), हेड गॅस्केट नवा, टॅपेट ०.०८ वर. क्लच केबलचा फ्री प्ले (ढिलाई) पुस्तकाप्रमाणे. एअर फिल्टरचा डबा पुसून नवा फिल्टर.

यानंतरच ऑइलचा प्रश्न हातात घेतला. क्रम उलटा असता तर कुठलाही ग्रेड घातला तरी निकाल कळला नसता, कारण कशाचा परिणाम कशामुळे हे सांगता आलं नसतं.

पाच पर्याय

मेव्हण्याचं कारचं ऑइल पहिल्याच फेरीत बाद. ५डब्ल्यू-३० म्हणजे पातळ म्हणून नाही. त्यात इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात आणि ओल्या क्लचला तीच नडतात. क्लच सरकायला लागला की घाटात इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. जपानच्या जासो संस्थेने १९९८ साली मोटरसायकलच्या ऑइलसाठी वेगळं प्रमाण आणलं ते याच कारणासाठी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे भाग झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त. एमबी हे कमी घर्षणाचं, मुख्यतः सुक्या क्लचच्या स्कूटरसाठी. गंमत अशी की एमबी ऑइलही १०डब्ल्यू-३० मध्येच मिळतं. दुकानात नुसतं "टेन थर्टी द्या" म्हटलं तर स्कूटरची बाटली हातात येऊ शकते. ज्या मोटरसायकलच्या पुस्तकातच एमबी लिहिलंय तिची गोष्ट वेगळी. या गाडीच्या पुस्तकात एमए होतं.

ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिनासाठी बनलेलं. कित्येक जण वर्षानुवर्षं मोटरसायकलमध्ये घालतात आणि काही झालं नाही म्हणतात. असेलही. पण डब्यावर जासोचा शिक्का नाही आणि क्लच प्लेटांचा खर्च मालकाच्या खिशातून जाणार. घरात फुकट पडलंय हे काही कारण होऊ शकत नाही.

उरले १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४०. आम्ही पुस्तकातल्या १०डब्ल्यू-३० पासून सुरुवात केली, एमए२ चं, मोजून ९०० मिली. उरलेले शंभर मिली बाटलीतच ठेवून मालकांना दिले, वर भरायला लागलं तर म्हणून. बहुतेकांना हा विचित्र आग्रह वाटतो.

सकाळची ओढ, खट्ट, न्यूट्रल, सगळं पहिल्याच दिवशी गेलं. ॲव्हरेज पुन्हा ५७-५८. टॅपेटचा आवाज नाही, आणि हे पातळ ऑइलवर. गेज हजार किलोमीटरनंतर जवळजवळ जागेवर होतं. इथेच थांबता आलं असतं आणि रोज रंकाळा ते बिंदू चौक अशी ये-जा असती तर मी थांबलोही असतो.

पण मार्च संपता संपता मालकांचा फोन आला. उन्हाळा लागलेला, दुपारी गगनबावड्याहून परतताना तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर टाकला की अडखळतो, एखाद वेळी मध्येच न्यूट्रल लागतो. तेलाने दोन हजार किलोमीटर केव्हाच ओलांडले होते. ऑइल काढलं. पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उतरून पातळ झालं असं नाही. काढलेलं ऑइल रात्रभर ठेवलं, सकाळी शेजारी त्याच बाटलीतलं उरलेलं नवं ऑइल ठेवलं आणि दोन्ही एकाच बारीक नरसाळ्यातून सारख्याच मापाने सोडली. वापरलेलं स्पष्टपणे आधी संपलं. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. १०० अंशांना काय होतं ते नरसाळं सांगत नाही. पण काळं झालेलं ऑइल साधारणपणे काजळीने घट्ट व्हायला हवं आणि ते उलट पातळ निघतंय, एवढा इशारा पुरे होता. गिअरबॉक्सने त्यातले पॉलिमर तोडले होते.

घाट, रांगेतला उन्हाळा, एअर-कूल्ड इंजिन. अशात ऑइल १०० अंशांच्या बरंच पुढे जातं. तिथे कामाला येतो तो १५० अंशांना, ऑइल जोरात घासलं जात असताना मोजलेला घट्टपणा. एसएईच्या प्रमाणात ३० ग्रेडला तो किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतो, १०डब्ल्यू-४० ला ३.५. हा फरक लहान दिसला तरी गिअरच्या दातांमध्ये तो जाणवतो.

म्हणून १०डब्ल्यू-४०, एमए२. फक्त दुसरा आकडा बदलला, पहिला तोच ठेवला. सकाळची गाडी तशीच हलकी राहिली. एप्रिल-मे दोन्ही महिने गेले. घाटात गिअर ऑइल बदलायच्या वेळेपर्यंत नीट पडत होते. ॲव्हरेज किलोमीटरभर कमी झालं, ते मालकांनी आनंदाने सोडलं.

२०डब्ल्यू-४० चं काय? तापल्यावर ते याच रेषेत बसतं. दोन आकड्यांतलं अंतर कमी असल्यामुळे त्यात पॉलिमरही कमी लागतात, म्हणजे गिअरबॉक्समध्ये ते जास्त टिकूही शकतं, आणि साध्या मिनरलमध्ये स्वस्त मिळतं. दिवसातून एकदाच गाडी चालू करून पन्नास किलोमीटर सलग जाणाऱ्याने ते घेतलं तर मी वाद घालणार नाही. या मालकांची गाडी मात्र दर दुकानापुढे बंद होते, अर्ध्या तासाने चालू होते आणि गगनबावड्याच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात दिवसभर भिजत उभी असते. इतक्या वेळा थंड चालू होणाऱ्या इंजिनाला १०डब्ल्यू बरं.

यावरून ५० ग्रेडच वाईट असं समजायचं कारण नाही. याच मालकांच्या वडिलांची ३५० सीसीची बुलेट आहे, नव्या पद्धतीच्या इंजिनाची, आणि तिला कंपनी स्वतःच १५डब्ल्यू-५० सांगते. तिच्यात कोणी "पातळ चांगलं असतं" म्हणून १०डब्ल्यू-३० घातलं तर तोही तेवढाच आगाऊपणा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तकाबाहेरचा कुठलाही ग्रेड घालायच्या आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावं.

सध्या ठरलेलं असं आहे. पाऊस ते थंडी १०डब्ल्यू-३०, अडीच हजार किलोमीटरला बदली. मार्चच्या बदलीला १०डब्ल्यू-४०, ते मेअखेरपर्यंत. दर पंधरा दिवसांनी गेज, मेन स्टँडवर, आटे न फिरवता. जुनी बाटली फेकायच्या आधी कापायची, नाहीतर तीच भंगारातून पुन्हा भरून बाजारात येते. टॅपेट दर दोन बदल्यांना तपासायचे. पुन्हा वाजायला लागले तर आधी फीलर, मग बोलणं. सील बदलल्यापासून घाटाखालचा धूर दिसलेला नाही. क्लच प्लेटा अजून जुन्याच आहेत. जाड ऑइलवर दोन-तीन महिने ओढत चालल्यामुळे त्या थोड्या चमकल्या आहेत, पुढच्या थंडीत ओढ आली तर त्या बदलाव्या लागतील आणि तेव्हा दोष आताच्या ऑइलला द्यायचा नाही हे मालकांना आत्ताच सांगून ठेवलंय.